चौदाशे त्रेपन्नचा हिवाळा

नवऱ्याला झटका आला तेव्हा तो मीटिंगमध्ये होता. मीटिंग म्हणजे घरातच, वरच्या खोलीत, लॅपटॉपसमोर. मी खाली पोळ्या लाटत होते. त्याचा आवाज जिन्यावरून रोजच्यासारखा खाली येत होता. मग तो थांबला आणि लॅपटॉपमधले लोक बोलायला लागले. "यू आर ऑन म्यूट," कोणीतरी सांगत होतं. मग आणखी कोणीतरी तेच सांगितलं. मग थोडं हसणं. मला आधी वाटलं, बटण दाबायला विसरला असेल. पण असल्या गोष्टी विसरणाऱ्यातला तो नव्हता, म्हणून गॅस बंद करून मी वर गेले. खुर्चीत तो तिरका बसला होता. उजवा हात खाली लोंबत होता, आणि स्क्रीनवरच्या चौकोनांमधली माणसं अजून त्याला म्यूट काढायला सांगत होती. म्यूट लागलेलं नव्हतंच.

अमेरिकेत, ह्या कॅरी गावात येऊन आम्हाला पंचवीस वर्षं होऊन गेली होती. मी नागपूरची, तो कोकणातला, देवरुखच्या पलीकडच्या एका गावाचा. नागपुरात इंजिनिअरिंगला एका वर्गात होतो, तेव्हापासूनचं अरे-तुरे लग्नानंतरही तसंच राहिलं. इथं तो एका औषध कंपनीच्या आयटीत होता आणि मी एका बँकेचं सॉफ्टवेअर तपासायचे. आम्हाला एकच मुलगी. ती इथंच जन्मली, इथंच वाढली, आणि आमच्या ओळखीतल्या बाकी मुलांसारखी कॉम्प्युटरकडे किंवा डॉक्टरकीकडे न जाता इतिहास शिकून हायस्कूलमध्ये शिक्षिका झाली. गाडीने तासाभराच्या अंतरावर एकटी राहायची.

बापलेकीचं मेतकूट जमलेलं होतं. दोघं भांडायची ती राजकारणावर, आणि इंग्रजीत. लहानपणी आम्ही तिच्याशी मराठी बोलायचो, ती उत्तर इंग्रजीत द्यायची, आणि पुढे पुढे आमचीच गाडी इंग्रजीवर गेली. आमच्या ओळखीतल्या बहुतेक घरांत असंच झालं. तिला मराठी कळायचं ते जेवायला ये, चप्पल बाहेर काढ, हळू बोल, एवढ्यापुरतं.

झटका मेंदूच्या डाव्या बाजूला होता. उजवा हात-पाय गेला. बोलणंही त्याच बाजूला असतं, असं डॉक्टर म्हणाले. शब्द आत असतात, पण माणसाला सापडत नाहीत. काहींना परत सापडतात, काहींना नाही.

सुरुवातीला तो काहीच बोलला नाही. मग एका सकाळी नर्स त्याला कुशीवर वळवत असताना स्पष्ट म्हणाला, "आई गं."

"व्हॉट डिड ही से?" नर्सने मला विचारलं.

"दुखतंय म्हणाला," मी इंग्रजीत सांगितलं, आणि मला रडू फुटलं. आनंदाने. ती बिचारी गोंधळली.

पुढच्या दिवसांत आणखी शब्द आले. नाही. नको. बास. काय. एक शिवी, जी त्याने माझ्यासमोर कधी उच्चारली नव्हती. सगळे मराठी. ज्या इंग्रजीवर त्याने आयुष्यभर पोट भरलं, तिचा एक शब्द नाही. बोलणं तर नाहीच, ऐकलेलंही नीट पोचत नसे. नर्स म्हणाली, "स्क्वीझ माय हँड," की तो तिच्या तोंडाकडे बघत राही. मी म्हटलं, "हात दाब," की दाबे.

बोलणं शिकवायला एक तरुण थेरपिस्ट यायची. चांगली मुलगी होती, कंटाळा न करणारी. ती चित्रांचे पत्ते समोर धरायची. सफरचंद, कुत्रा, खुर्ची. खुर्चीचं चित्र बघून तो बराच वेळ झगडला, कपाळावर घाम आला, आणि म्हणाला, "खुर... खुर्ची."

"नॉट क्वाइट," ती हसून म्हणाली. "चे... चेअर."

"बरोबर आहे त्याचं!" मी म्हणाले. "खुर्ची म्हणजे चेअर."

तिचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. मोजमाप इंग्रजीतच करावं लागतं, तिच्या हातात काही नाही, असं ती म्हणाली. टॅब्लेटवर दुभाषा बोलावून बघितला. मराठीचा मिळेना, हिंदीचा मिळाला. तो माणूस "नमस्ते भाईसाब" म्हणाला आणि ह्याने मान भिंतीकडे फिरवली. काही आठवड्यांनी विमा कंपनीने थेरपी बंद केली. प्रगती दिसत नाही म्हणे. मुलीने फोनवर तासन्‌तास भांडून पाहिलं. शेवटी थेरपिस्टनेच मला बाजूला घेऊन सांगितलं, "घरी बोलत राहा. तुमच्या भाषेत. जे त्यांना आवडतं त्याबद्दल."

मी नोकरी सोडली आणि त्याला घरी आणलं. खालची बसायची खोली त्याची केली. हॉस्पिटलसारखा पलंग, चाकाची खुर्ची, बाहेर उंच पाईनची झाडं. इथल्या मराठी मंडळातली मित्रमंडळी डबे घेऊन यायची. ज्यांच्याबरोबर तो गणपतीत रात्रभर हसला होता, ते पुरुष पलंगापाशी उभे राहून मोठ्याने विचारायचे, "सो, हाऊ आर यू फीलिंग, बॉस?" मी सांगायचे, अहो, मराठीत बोला. मग ते मराठीत एक वाक्य बोलायचे, त्यांना पुढचं सुचायचं नाही, आणि मग माझ्याकडे वळून औषधांबद्दल विचारायचे. हळूहळू डबे येत राहिले आणि माणसं दारातूनच जायला लागली. मला त्यांचा राग आला नाही. आपल्याच वयाचा माणूस असा बघणं सोपं नसतं.

मुलगी दर शुक्रवारी संध्याकाळी यायची. ती आली की तो दाराकडे बघायचा, डोळ्यांत काहीतरी यायचं, आणि मग दोघांमध्ये एक भिंत उभी राहायची. ती त्याच्याशी इंग्रजी बोलायची, कारण बापाशी ती आयुष्यभर तेच बोलली होती. हळू, तोडून तोडून बोलायची. आज शाळेत काय झालं, कोणता मुलगा काय म्हणाला. तो तिच्या ओठांकडे बघायचा. थोड्या वेळाने डोळे मिटायचा.

एकदा ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "बाबा, इट्स मी. से माय नेम. जस्ट वन्स."

त्याने तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या. त्याने तिला जन्मल्यापासून एका लाडाच्या नावाने हाक मारली होती, खरं नाव त्याने शाळेच्या कागदांवर सोडून कधी वापरलं नव्हतं. दोन्हींतलं एकही येईना. शेवटी तो म्हणाला, "बाई."

"बाई म्हणजे?" तिने मला विचारलं.

"म्हणजे... लेडी," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार होते?

ती उठली आणि बाहेर गाडीत जाऊन बसली. खिडकीतून मला तिचं डोकं स्टिअरिंगवर टेकलेलं दिसत होतं. नवऱ्यालाही दिसत होतं. तो डाव्या हाताने पलंगाच्या कठड्यावर मारत होता, "नाही, नाही, नाही."

नोव्हेंबरात ती जाडजूड पुस्तकं घेऊन आली. दहावीच्या मुलांना जगाचा इतिहास शिकवताना तिने एक नवीन प्रकार ठरवला होता. एकच वर्ष घ्यायचं आणि त्या एका वर्षात जगात कुठं काय चाललं होतं ते बघायचं. तिने चौदाशे त्रेपन्न निवडलं होतं. स्वयंपाकघर आणि बसायची खोली आमच्याकडे एकच आहे, मध्ये नुसता ओटा. ती जेवणाच्या टेबलाशी बसून तयारी करायची आणि मला मोठ्याने, इंग्रजीतच, सांगायची. मी भाजी चिरत ऐकायचे. तिला तेवढंच बरं वाटत असावं. घरात कोणीतरी पूर्ण वाक्यात बोलतंय, हे मलाही बरं वाटायचं.

तिने कॉन्स्टँटिनोपलचा वेढा सांगितला. हजार वर्षांचं राज्य एका शहरापुरतं उरलेलं, समुद्राच्या तोंडाशी साखळी बांधलेली, आणि सुलतानाने जहाजं डोंगरावरून ओढत नेऊन साखळीच्या आत उतरवली. शहर पडल्यावर किती माणसं गुलाम म्हणून दोरीला बांधून नेली. त्याच वर्षी इंग्लंड आणि फ्रान्समधलं शंभर वर्षं चाललेलं युद्ध संपलं.

"आणि ती बातमी इंग्लंडच्या राजाला कळली, तेव्हा..." ती बोलता बोलता थांबली.

"तेव्हा काय?"

तिने खोलीच्या त्या टोकाला, पलंगाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "तो गप्प झाला, आई. म्हणजे खरंच गप्प. कोणाला ओळखेना, बोलेना, हलेना. त्याच सुमारास त्याला मुलगा झाला. बाळ आणून त्याच्या पुढ्यात धरलं. त्याने एकदा बघितलं आणि नजर खाली घातली."

"मग?"

"दीडेक वर्षाने बरा झाला. शुद्धीवर येऊन विचारलं, ह्या मुलाचं नाव काय ठेवलंत?"

मी कांदा चिरत होते, त्यामुळे डोळ्यांचं कारण सांगावं लागलं नाही. "हे मुलांना शिकवणार आहेस?" मी विचारलं.

"नाही जमणार मला," ती म्हणाली.

विषय बदलायचा म्हणून मी विचारलं, "आणि आपल्याकडे काय चाललं होतं त्या वर्षी? दख्खनमध्ये?"

"आमच्या टेक्स्टबुकात त्या वर्षी इंडिया नाहीच. पण मी शोधलं. एक पॅरेग्राफ मिळाला." तिने कागद काढून वाचायला सुरुवात केली. बिदरच्या बहमनी सुलतानाचा एक सेनापती मोठं सैन्य घेऊन सह्याद्री उतरला. कोकणातला एक मराठा सरदार त्याच्या हाती लागला. धर्म बदल नाहीतर मर, असं त्याला सांगितलं. सरदार म्हणाला, बदलतो, पण माझा शेजारी, केल्ना किल्ल्याचा राजा, मला मग जगू देणार नाही. आधी त्याचा बंदोबस्त करा, वाट मी दाखवतो.

पलंगावरून आवाज आला. "खेळणा."

आम्ही दोघी वळलो. तो मान उचलून बघत होता.

"काय म्हणालास?" मी विचारलं.

"खेळणा," तो म्हणाला. स्पष्ट. चिडून. वर्गातल्या पोराला दुरुस्त करावं तसं.

मुलीने कागदाकडे बघितलं. "केल्ना. खेल... म्हणजे टॉय? खेळणं?"

"नाही!" त्याने कठड्यावर हात मारला. "खेळणा. खेळणा. गड."

मला एकदम कळलं. खेळणा म्हणजेच पुढे विशाळगड झालेला किल्ला. ह्याच्या गावापासून तो फार लांब नाही. कॉलेजात असताना सुट्टीत घरी गेला की मित्रांबरोबर तो त्या सगळ्या डोंगरातून पायी हिंडायचा, परत आला की आठवडाभर आम्हाला त्याच्याच गोष्टी ऐकाव्या लागायच्या. अमेरिकेत आल्यावर त्या गोष्टी कमी झाल्या, मग बंद झाल्या. मुलीने त्या कधी ऐकल्याच नव्हत्या.

ती कागद घेऊन त्याच्यापाशी गेली. "खेलना?"

"ळ," तो म्हणाला.

"ल."

"ळ!"

तिला जीभ वळवता येईना. त्याने डाव्या हाताने स्वतःच्या तोंडाकडे बोट केलं, जीभ वर वळवून दाखवली. अर्ध्या वाकड्या तोंडाने. दोघं कितीतरी वेळ तेच करत बसली. भात लागला तरी मी हलले नाही.

त्यानंतरचे सगळे शनिवार-रविवार असेच गेले. ती वाचायची, मी मराठीत सांगायचे, आणि तो मध्येच एखादा शब्द काढायचा. वाक्य नव्हे. वाक्य त्याला शेवटपर्यंत आलं नाही. घाट. वाट. रान. कारवी. वाटाड्या. ती प्रत्येक शब्द त्याच्यामागून म्हणायची आणि मला अर्थ विचारायची. कारवी म्हणजे काय ते मलाच धड सांगता येईना, मी विदर्भातली. डोंगरउतारावर माणसाच्या उंचीची दाट झुडपं, आत शिरलं की पुढचा माणूस दिसत नाही, असं त्यानेच कधीतरी सांगितलेलं मी सांगितलं. तो मान हलवत होता. हो, हो.

एकदा वाचन चालू असताना तो म्हणायला लागला, "पाणी. पाणी."

मी पेला आणला, गिळताना त्याला ठसका लागू नये म्हणून त्यात पाणी घट्ट करायची पावडर घातली, चमच्याने तोंडाशी नेला. त्याने तोंड मिटून घेतलं. "पाणी," पुन्हा म्हणाला. मी पुन्हा चमचा नेला. त्याने पेल्याला असा फटका मारला की सगळं माझ्या अंगावर, गालिच्यावर. मी दिवसभराची दमलेली होते. "मग काय हवंय तुला?" मी ओरडले. तो रडायला लागला.

मुलगी पुढचं पान वाचत होती. ती एकदम म्हणाली, "आई, थांब. वेट. हे बघ." सैन्य चालता चालता अशा जागी पोचलं की तीन बाजूंना आभाळाएवढे डोंगर आणि चौथ्या बाजूला खाडी. आले त्या वाटेशिवाय दुसरी वाट नाही. सेनापती हगवणीने आजारी, रांगा मोडलेल्या, माणसं जागा मिळेल तिथं पडलेली. वाट दाखवणारा सरदार आधीच निसटून गडावर निरोप देऊन आला होता. मग रानातून माणसं आली आणि सैन्य कापून काढलं.

"खाडी," ती त्याला म्हणाली. "बाबा, पाणी म्हणजे ते पाणी?"

तो रडता रडता मान हलवत होता. मी ओली साडी... साडी कसली, गाऊन होता, तशीच त्याच्याशेजारी बसले. तीस वर्षांच्या संसारात मला त्याचं बोलणं समजून घ्यायला मुलीची गरज पडली, ही पहिली वेळ.

ह्या लढाईचा त्याला अभिमान वाटतोय, असं मला सुरुवातीला वाटलं होतं. आपल्या मुलखातल्या माणसांनी एवढं सैन्य बुडवलं म्हणून. मुलीलाही तसंच वाटलं असावं, कारण शेवट तिने जरा हात राखूनच वाचला. सुलतानाच्या सैन्यातली, समुद्रापलीकडून आलेली जी थोडी परदेशी माणसं रानातून वाचली, ती चाकणपर्यंत पोचली. तिथं त्यांच्याच सुलतानाच्या दरबारातल्या दख्खनी सरदारांनी त्यांच्याविरुद्ध सुलतानाचे कान भरले. मग त्यांना अभय देऊन, जेवायला बोलावून, मारून टाकलं. बायका-मुलांचेही हाल केले. एवढ्या रानातून जिवंत बाहेर पडून, आपल्याच लोकांच्या हातून.

हे मी मराठीत सांगितलं तेव्हा तो छताकडे बघत होता. मग म्हणाला, "जेवायला?"

"हो. जेवायला बोलावून."

"बास," तो म्हणाला. त्या दिवशी पुढे काही वाचलं नाही आणि तो जेवलाही नाही. झटक्यानंतर माणसाला भावना आवरत नाहीत, त्याचा फार अर्थ लावू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मुलगी भांडी घासताना मला म्हणाली, "मी ते वाचायला नको होतं का?" मी म्हणाले, त्यालाच शेवट हवा होता. मला खात्री नव्हती.

डिसेंबरात तिने तो धडा शिकवला. शुक्रवारी आली ती कोट न काढताच त्याच्यापाशी गेली. "बाबा, मी शिकवलं. खेळणा." आता ळ तिला येत होता, थोडा जड. "सगळी मुलं... ळ बोलली. कोणाला नाही आला."

ती ळ म्हणण्याचा प्रयत्न करणाऱ्या मुलांच्या नकला करून दाखवायला लागली. जीभ बाहेर, डोळे मोठे, एकाची तर थुंकी उडाली म्हणे. नवरा हसला. अर्धा चेहरा हसतो आणि अर्धा नाही, ते बघायची सवय व्हावी लागते. मला झाली होती. तो पोट हलेपर्यंत हसला. ते त्याचं शेवटचं मोठं हसणं.

शाळेतलं बाकी तिने मला नंतर सांगितलं. विभागप्रमुखांनी विचारलं होतं की परीक्षेत नसलेल्या गोष्टीवर एवढे तास का घालवले. पुढच्या वर्षी हा प्रकार नको. ती वाद घालून दमली होती. "मी त्यांना काय सांगणार, आई? हे सगळं कशासाठी चाललंय ते?"

फेब्रुवारीत दुसरा झटका आला. त्या आठवड्यात बर्फाचा पाऊस पडला होता, पाईनच्या फांद्या काचेसारख्या होऊन मोडत होत्या, आमच्या भागातली वीज गेली होती. सकाळी मी त्याचं तोंड पुसायला गेले तर त्याचे डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडे वळेनात. ॲम्ब्युलन्सला घसरड्या रस्त्यावरून यायला उशीर झाला. लवकर आली असती तरी फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. ते असं सगळ्यांनाच सांगत असतील.

आयसीयूत तो आणखी काही दिवस होता. श्वासाची नळी ठेवायची की काढायची, हे आम्हा दोघींना विचारलं गेलं. डॉक्टर शांतपणे, समजुतीने बोलत होते. मुलीने सगळे प्रश्न विचारले, तिला ते जमतं. मग ती त्याच्याजवळ जाऊन बसली आणि त्याच्याशी मराठीत बोलायला लागली.

मी खिडकीपाशी उभी होते. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की तिच्याकडे शब्द फार थोडे आहेत, आणि जे आहेत ते सगळे त्या लढाईतले. आजारपणाचे, निरोपाचे, मायेचे शब्द तिला कोणी शिकवलेच नव्हते. ती म्हणत होती, "बाबा, रान खूप मोठा आहे. वाट दिसत नाही. मी आहे इथे." मोठं म्हणायचं ते मोठा म्हणाली. मग पुन्हा, "पाणी आहे. घाट आहे. तू चाल, हळू." त्याचा हात तिने दोन्ही हातांत धरला होता. डावा, म्हणजे चांगला होता तो. "तू चाल, मी येते," ती म्हणाली. मला तिला सांगावंसं वाटलं की अगं, असं म्हणू नये, मी येते असं नाही म्हणायचं अशा वेळी. सांगितलं नाही. नर्स दारात येऊन थांबली होती, तीही आत आली नाही.

नळी काढल्यावर तो दुपारपर्यंत होता. त्याने एकही शब्द काढला नाही, कोणाचं नावही नाही.

अंत्यविधीच्या हॉलमध्ये मंडळातले सगळे आले. ज्यांनी दारातून डबे दिले होते ते काका ढसाढसा रडले. भाषणं झाली, सगळी इंग्रजीत, कारण त्याच्या ऑफिसचे लोकही होते. एकजण म्हणाला, तो किती उत्तम बोलायचा, अवघड गोष्ट सोपी करून सांगायचा. खरंच होतं ते. मुलीने बोलायचं नाही म्हणून सांगितलं आणि शेवटपर्यंत बोलली नाही.

त्यानंतर ती माझ्याकडे काही आठवडे राहिली. कपड्यांच्या पिशव्या भरल्या, पलंग परत नेला, गालिचा धुवून घेतला. कॅरीत त्या दिवसांत परागकणांनी सगळं पिवळं होतं, गाड्या, पायऱ्या, पत्रपेटी. ती रोज झाडू घेऊन पायऱ्या झाडायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पिवळ्या. पुस्तकं तिने खोक्यात घालून गाडीत ठेवली. मी त्यातलं एक मागून घेतलं असतं, पण ते इंग्रजीत होतं आणि मला ते उघडवलं नसतं.

मग ती तिच्या घरी गेली. रोज फोन करायची. एका संध्याकाळी मी फोनवर विचारलं, "जेवलीस का?"

"येस, आय एट. डिड यू?"

मी हो म्हणाले, आणि मग आम्ही गाडीच्या कागदपत्रांवर बोललो, त्याच्या नावाची गाडी विकायची की ठेवायची ह्यावर. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की तो गेल्यापासून तिच्या तोंडून मराठीचा एक शब्द मी ऐकलेला नाही. एकदा वाटलं, तिला सांगावं. पण काय सांगायचं? ती ज्याच्याशी बोलायला शिकली होती, तो आता नाही. मी तिला इंग्रजीतही कळते.

पुढच्या रविवारी ती आली तेव्हा मी आमटी-भात केला होता. आम्ही दोघी टेबलाशी बसून जेवलो. "धिस इज गुड, आई," ती म्हणाली. मी तिला आणखी एक डाव वाढला.